स्प्रिंगची तक्रार

बंदुका गोळीशिवायही बोलायच्या, त्या काळातली ही गोष्ट.

पोलिसांच्या शस्त्रागारात तपासणी होती. गोळ्या भरायचं एक चेपलेलं मॅगझीन पोटातल्या स्प्रिंगला दटावत होतं, "दमलेय म्हणू नकोस. दोघंही भंगारात जाऊ!"

"आणि ऐन वेळी माझ्याच्यानं गोळी वर ढकलली गेली नाही, तर पहाऱ्यावरच्या शिपायाचं काय?"

तेवढ्यात शस्त्रं दुरुस्त करणारे बुरुंगले हवालदार आले. स्प्रिंग ओरडली, "अहो, माझ्यात दम उरला नाही!"

हवालदार हसले. "मग नवी स्प्रिंग घालू, पोचा काढू. मॅगझीनचं तोंड वाकलं असतं, तर मात्र फेकलंच असतं."

जुनी स्प्रिंग त्यांनी मॅगझिनांच्या कपाटातल्या अडकणाऱ्या खणामागे बसवली. आता तिनं खण ढकलून उघडला, की आतली सगळी मॅगझिनं आपापलं दुखणं सांगायला एकच गलका करतात. सगळ्यांत मोठा आवाज त्या पूर्वी चेपलेल्याचा!