छाटलेल्या डहाळ्या

"…पण मग फुलंच का येत नाहीत, महाराज?"

रेवागिरी महाराज चुलीपुढे बसून हात शेकत होते. त्यांनी मान वर केली नाही.

वामन दारातच उभा राहिला. हा प्रश्न त्याला गेली कित्येक वर्षं छळत होता.

कुमाऊंच्या डोंगरातला तो लहानसा मठ. महाराज मूळचे खानदेशातले, वामन सांगलीचा. तिथे तो शाळेत गणित शिकवायचा. ते सगळं सोडून इथे आला आणि आल्या आल्या त्यानं कुटीमागे सफरचंदाचं कलम लावलं. खालच्या गावात त्याच्यामागून लावलेली झाडंसुद्धा चैत्रात पांढरीगुलाबी होऊन जायची. वामनच्या झाडाला पानं इतकी यायची की खाली ऊन उतरत नसे. फूल मात्र एकही नाही.

"खत घालतोस?" महाराजांनी विचारलं.

"दर वर्षी. पाणीही वेळच्या वेळी."

"आणि छाटणी?"

वामनचा चेहरा जरा खुलला. छाटणीचा त्याला अभिमान होता. माघ लागला की तो कात्री घेऊन शिडीवर चढे. आखूड, गाठाळ, आडवं वाढलेलं असं काही म्हणून ठेवत नसे. सरळ वर जाणाऱ्या फांद्या तेवढ्या राखायच्या. स्वतःचंही त्यानं असंच केलं होतं. पेटी छान वाजवायचा, ती सोडली. माणसं सोडली. एक वेळचं जेवण सोडलं. लोक त्याच्या वैराग्याचं कौतुक करत आणि ते त्याच्या कानावर येई.

यंदाची छाटणी चालू असतानाच अक्का आली होती.

अक्का त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच त्याला लहानाचं मोठं केलं. गुडघे धरलेले, तरी इतक्या लांबून एकटी आली होती. वामननं तिला शिडीवरूनच पाहिलं, फाटकाशी उभी. तो खाली उतरला नाही. आता उतरलो तर इतक्या वर्षांचं सगळं पाण्यात जाईल, असं त्याला वाटलं. तिला परत जायला सांगा, असा निरोप त्यानं महाराजांकडे धाडला. मग बर्फ पडलं. ती गेली असणार, असं वामन धरून चालला.

तेव्हापासून जप बसत नव्हता. माळ हातात घ्यायची आणि दहा मणी झाले की आपण कुठे होतो तेच आठवायचं नाही.

"यंदाही फूल आलं नाही," तो म्हणाला, "तर झाड तोडणार आहे. आणि मीही जाईन म्हणतो."

"कुठे?"

"ते… ठाऊक नाही."

महाराजांनी एक लाकूड चुलीत सारलं.

"नको ते सगळं काढून टाकलं, महाराज. तरी काय चुकतंय तेच समजत नाही."

"नको ते कुठलं, हे कसं ठरवलंस?"

असं कधी कुणी विचारलं नव्हतं.

"वेडंवाकडं होतं ते," तो शेवटी म्हणाला.

"कुठे आहे आता?"

"कुंपणापलीकडे टाकलं होतं. तिथेच असेल."

महाराज उठले, घोंगडी खांद्यावर टाकली आणि बाहेर पडले. वामन मागोमाग गेला. कुंपणापलीकडे बर्फ वितळून ओली माती उघडी पडली होती. डहाळ्या नव्हत्या.

"जळणाला नेल्या असतील कुणी," वामन म्हणाला.

महाराज थांबले नाहीत. पायऱ्या उतरून ते रस्त्याकडेच्या धर्मशाळेकडे निघाले. माणसं सोडल्यापासून वामननं तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. का चाललोय, हे विचारावं असं त्याला वाटलं, पण महाराजांच्या पाठीकडे पाहून धीर झाला नाही.

शेवटच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत शेगडीची ऊब होती. खिडकीत पाण्यानं भरलेला तांब्या आणि त्यात फुलांनी लगडलेल्या डहाळ्या. पांढरी फुलं, कडेला गुलाबी झाक.

वामन पाहत राहिला. बाहेर तर अजून कुठल्याच झाडाला पालवी नव्हती.

"ही कुठल्या झाडाची?"

महाराजांनी एक डहाळी काढून त्याच्या हातात दिली. पाणी त्याच्या मनगटावरून ओघळलं.

खालचा काप तिरका होता. असा तिरका काप इथे फक्त तोच घेई, पाणी साचू नये म्हणून. आणि फुलं त्या आखूड, सुरकुतलेल्या गाठींवर आली होती. त्या गाठींना तो इतकी वर्षं रोग समजत आला होता.

"ही माझीच…" तो म्हणाला. "पण झाडाला मुळं आहेत, खत आहे. तरी त्याला फूल नाही. आणि हिला…"

पुढचं त्याला जुळवता येईना. त्यानं महाराजांकडे पाहिलं, मग खोलीत इकडेतिकडे. खाटेवर घडी घातलेलं हिरवं लुगडं. उशाशी गुडघ्यांना चोळायच्या तेलाची बाटली. मागच्या अंगणात कुणीतरी धुणं झटकत होतं आणि स्वयंपाक्याला मराठीतच बजावत होतं, आमटीत मीठ आज बेतानं टाक.

अक्काचा आवाज वामननं लगेच ओळखला.

"गेली नाही ती?"



विचारण्यासारखं खूप होतं. त्यातलं काहीच वामनच्या ओठांवर येईना. हातातली डहाळी त्यानं घट्ट धरली होती. दोन पाकळ्या गळून जमिनीवर पडल्या. शेवटी त्यानं जमलं तेवढंच विचारलं.

"महाराज, ही फुलली कशी?"

महाराज दाराकडे वळले होते.

"मला काय विचारतोस? जिनं पाणी घातलं, तिला विचार."