नवव्या पायरीवरची पाटी

कोणे एके काळी, म्हणजे नेमकं कधी ते विचारूच नका, डोंगर आणि नदी यांच्या मधोमध एक गाव होतं. गावात दोन तऱ्हेची माणसं. नदीकाठची गोरी, सरळ केसांची. डोंगरावरची काळीभोर, कुरळ्या केसांची. शाळा मात्र एकच, आणि तिथं कुणालाच मज्जाव नाही. एकदम समान वगैरे!

फक्त एक रीत होती. शाळेच्या दारात नऊ पायऱ्या होत्या. पहिल्या दिवशी आईबापांनी पोराच्या नावाची पाटी एका पायरीवर ठेवायची. जितकी वरची पायरी, तितक्या इयत्ता मास्तर शिकवणार. पाटी नंतर खाली आणता यायची, पण वर नेता यायची नाही. काठची माणसं डोळे झाकून नवव्या पायरीवर ठेवायची. डोंगरची तिसऱ्या. कुणी सांगितलं होतं का तसं? छे! पण चालत आलं होतं.

डोंगरावर सुपं विणणारी एक बाई राहायची. तिची मुलगी सावरी भलतीच हुशार. "आई, या सुपाला बत्तीस कामट्या लागतील," असं विणायच्या आधीच सांगायची, आणि बांबूच्या बरोब्बर बत्तीसच कामट्या लागायच्या! बाईला कौतुक वाटायचं आणि लगेच धास्तीही. हिची पाटी वर ठेवावी का?

शेजारची म्हातारी म्हणाली, "येड लागलंय का गं तुला? पोर अडली की अख्ख्या गावादेखत पाटी खाली आणशील. आपल्यातली पोरं तिसरीपर्यंतच."

शाळेच्या पहिल्या दिवशी बाई पाटी घेऊन पायऱ्यांपाशी घुटमळली. तिनं सावरीला हळूच विचारलं, "कुठं ठेवू गं?"

"तिसऱ्या."

"खरं सांग."

सावरी अंगठ्यानं माती उकरायला लागली. "खरं म्हणजे नवव्या. पण मी अडले तर लोक तुला हसतील ना? म्हणून तिसऱ्या."

बाईला उमगलं. भीती आपली, आणि ती या एवढ्याशा पोरीनं मुकाट गिळलेली! तिनं पाटी उचलली आणि विचार बदलायच्या आत नवव्या पायरीवर नेऊन ठेवली.

मास्तर काही वाईट नव्हते हं. अगदी गोड आवाजात म्हणाले, "बाई, बघा बुवा. तुमच्या मुलांचा हात छान चालतो. डोक्याला कशाला ताप?"

झालं! तेव्हापासून बाईच्या जिवाला चैन नाही. सावरी घरी आली की आधी तिचं तोंड निरखायची. पहिली गेली, दुसरी गेली, तिसरी गेली, चौथी गेली. दर वर्षी तीच धाकधूक.

आणि पाचवीत सावरी नापास झाली.

म्हातारी धावतच आली. "सांगत नव्हते मी? आपल्या रक्तातच नाही ते! जा, पाटी आण खाली."

सावरीही डोळे पुसत म्हणाली, "आण ना आई. नाही जमत मला."

दुसऱ्या दिवशी बाई खालमानेनं शाळेत गेली. एकेक पायरी चढताना वाटत होतं, सगळं गाव पाठीमागून बघतंय. ती पाटीला हात लावणार, एवढ्यात दारातून बोलणं ऐकू आलं. काठचे एक शेटजी मास्तरांना म्हणत होते, "पाचवी भलतीच अवघड करून ठेवलीय हो तुम्ही! आमचे चिरंजीव दुसऱ्यांदा आपटले."

"होतं हो," मास्तर हसून म्हणाले. "निम्मी पोरं पाचवीत अडतात. यंदा परत बसवू."

बाईचा हात हवेतच राहिला.

"मास्तर, परत बसता येतं?"

"येतं की!"

"मग काल निकाल देताना का नाही सांगितलंत?"

मास्तर गडबडले. "तुम्ही विचारलंच नाहीत. आणि तुमच्याकडची माणसं... पाटी न्यायलाच येतात ना."

"त्यांचं पोर अडलं की पायरी अवघड," बाई पायरीवरून न हलता म्हणाली, "आणि आमचं अडलं की पोरच कच्चं! असं कसं हो, मास्तर?"

 मास्तरांचं हसू विरून गेलं. बाई पाटी तशीच ठेवून खाली उतरली.

"सावरे, परत बसायचं."

"आणि परत अडले तर?"

"तर परत बसायचं. लोक हसले तर मला हसतील, ते माझं मी बघेन. तू गणितं बघ."

बाईची भीती गेली का? कुठली जातेय! पण सावरी पाचवी पास झाली. सातवीत पुन्हा अडली, पुन्हा बसली, आणि नववी पुरी करूनच बाहेर पडली.

त्याच वर्षी ती शेजारची म्हातारी नातीला घेऊन शाळेपाशी आली. तिनं पाटी तिसऱ्या पायरीवर ठेवली, उचलली, सहाव्या पायरीवर ठेवली, परत उचलली. "अडली तर परत बसता येतं ना गं? नक्की ना?" असं बाईला चारदा विचारून झालं. शेवटी नातच वैतागली.

"आज्ये, दे इकडं!" म्हणाली, आणि पाटी घेऊन धडाधड नवव्या पायरीवर चढली.

तात्पर्य काय, तर शिकताना अडतात सगळेच. कुणी परत बसायचं आणि कुणी घरी जायचं, हे कातडीचा रंग बघून ठरवू नये; घरच्यांनी तर मुळीच नाही.