साहेबांच्या फोटोचे सात सेकंद

"मृण्मयीची नोकरी आज..." जिन्यात बायकांचं एवढंच बोलणं कानावर आलं. उपम्याची वाटी घेऊन मी शेजारी तिच्या घरी शिरले. पोरगी लॅपटॉपसमोर बसली होती. पडद्यावर तिचे साहेब गरजत होते, "वेबसाइट उघडायला आठ सेकंद? जावास्क्रिप्ट कोडची एकेक ओळ घासून वेग वाढव, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस!"

"सगळ्या घासल्या, सर," ती म्हणाली. "पापणी लवण्याइतकाही वेळ वाचला नाही. पहिल्याच पानावर तुमचा फेट्यातला फोटो आहे ना, सात सेकंद त्यालाच लागतात. लहान करू?"

साहेब खाकरले.

दुपारपर्यंत फोटो लहान झाला. मृण्मयीची नोकरी राहिली, फक्त साहेबांनी तिला आपल्या टीममधून हलवलं.