कपिला गाईचा वाडगा

पूर्वी सुरभिपूर नगरावर महीधर राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व त्याच्या न्यायसभेत अमात्य म्हणून रुजू झाले होते.

त्या नगराला दुधाचे वेड होते. पहाटे धारोष्ण दूध, न्याहारीला साय, जेवणात दही, लोणी आणि तूप, सणाला खरवस, आणि प्रवासाला निघताना शिदोरीत नासवलेल्या दुधाचा दाबून वाळवलेला गोळा. यात वाईट काहीच नाही. ज्याला आवडते त्याने खावे, ज्याला पचते त्याने आणखी एक वाटी मागावी. पण एखादी गोष्ट आपल्याला आवडली, एवढ्यावर माणसाचे भागत नाही. ती दुसऱ्यालाही आवडलीच पाहिजे, असा त्याचा हट्ट सुरू होतो. सुरभिपुरात या हट्टाचा कायदा झाला होता.

एखाद्यावर आळ आला की त्याला भर सभेत राजगोठ्यातल्या कपिला गाईच्या दुधाने भरलेला वाडगा प्यायला देत. सूर्यास्तापर्यंत दूध पोटात सुखाने राहिले तर तो निर्दोष. पोट फुगले, कळा आल्या, उलटी झाली, तर कपिलेने त्याला नाकारले असे ठरे. मग त्याला नगराबाहेर रानात हाकलून देत आणि त्याच्या गाई पुरोहित पिंगलाक्षाच्या गोठ्यात जात. वाडगा भरायचा पिंगलाक्षाने, निकाल सांगायचा पिंगलाक्षाने, आणि गाई बांधायच्या त्याही पिंगलाक्षानेच! त्याचा गोठा फुगत चालला होता. हे नगरातल्या प्रत्येकाला दिसत होते आणि प्रत्येक जण तोंडाला कुलूप लावून बसला होता.

याच नगरात गोमती नावाची एक विधवा राहत असे. तिची सून शालूका नदीच्या मुखाकडच्या कोळ्यांची मुलगी होती. तिकडे गाई नव्हत्या. मासे, भात आणि नाचणी यांवर माणसे धडधाकट वाढत. शालूकेचा नवरा भद्रक व्यापारासाठी दूरदेशी गेला होता. घरात या दोघी आणि शालूकेची लहानगी मुकुला.

मुकुलेचे अंगावरचे पिणे सुटले आणि गोमतीने तिला गाईचे दूध सुरू केले. पोरीचे पोट टम्म फुगू लागले. ती पाय पोटाशी घेऊन रडे, तिला जुलाब होत, आणि हातापायांच्या काड्या होत चालल्या. गोमतीचा जीव तुटे. नात वाळते आहे म्हणून ती दूध वाढवी. तरी वाळते म्हणून त्यात साय घाली. त्या म्हातारीच्या मनात मायेशिवाय दुसरे काही नव्हते, आणि त्या मायेनेच पोर मरणाच्या दारी आली होती.

"आत्याबाई, दूध बंद करून बघू या ना," शालूका विनवी. "मलाही सोसत नाही. आमच्याकडे लेकरांना पेज देतात."

"तुमच्याकडे गाईच नाहीत, त्याला तुम्ही काय करणार!" गोमती म्हणे. "दूध नाही तर लेकरू जगेल कशावर? पुन्हा असलं अभद्र बोलू नकोस."

शेवटी शालूका चोरून मुकुलेला तांदळाची पेज पाजू लागली आणि दूध वासराला घालू लागली. पोरीच्या गालांवर जरा कुठे रंग आला, तोच गोमतीने तिला दूध वासराला घालताना पाहिले. ती घाबरून पिंगलाक्षाकडे धावली. "सून माझ्या नातीला उपाशी मारते आहे," ती रडत म्हणाली. पिंगलाक्षाने आधी घरात दुभत्या गाई किती आहेत ते विचारून घेतले आणि मग आरोप ठेवला.

सभा भरली. शालूका वाडग्यासमोर उभी राहिली. तिला निकाल आधीच ठाऊक होता. ती म्हणाली, "महाराज, मला रानात घालवा, माझं काही म्हणणं नाही. पण माझी पोर मागे राहील आणि तिला पुन्हा दूध पाजतील. ती मरेल हो! तेवढं तरी ऐका."

कोणी ऐकले नाही. लोकांना वाडगा पाहायचा होता.

बोधिसत्त्वांना त्या क्षणी राग आला. हो, रागच आला. डोळ्यांसमोर लेकरू मारले जात असताना ज्याला राग येत नाही, त्याच्या शांतपणाला आग लागो! पण त्यांनी राग जिभेवर येऊ दिला नाही. ते आसनावरून उठले. त्यांनाही जन्मापासून दूध सोसत नसे. घरी ते भाताची पेज पीत. आजवर कोणी त्यांच्यापुढे वाडगा धरला नव्हता, कारण अमात्यावर आळ घेण्याची कोणाची छाती नव्हती.

"महाराज," ते म्हणाले, "या बाईच्या आधी हा वाडगा मी पितो. आणि एक वाडगा बंदिवान कंटकाला द्या."

सभेत हशा पिकला. कंटक हा चोर होता. कपिलेच्या गळ्यातली सोन्याची घंटा त्याने चोरली होती आणि तशी कबुलीही दिली होती.

"अमात्य, थट्टा करता काय?" राजा म्हणाला. "वाडगा प्यालात की कायदा तुम्हालाही लागू."

"लागू व्हावा म्हणूनच पितो आहे, महाराज."

एकाच चरवीतले दूध दोघांना दिले. कंटकाने ते घटाघटा संपवले, मिशी पुसली आणि आणखी मागितले. मग तो खांबाला टेकून घोरू लागला. इकडे बोधिसत्त्वांच्या कपाळावर घाम आला. पोटातली गुरगुर पुढच्या ओळीत ऐकू जाऊ लागली. दिवस कलेपर्यंत ते फरशीवर आडवे झाले, त्यांनी पाय पोटाशी घेतले, आणि राजासमोर त्यांना उलटी झाली.

पिंगलाक्ष टाळ्या पिटायचाच बाकी होता. "पाहिलंत? अमात्यांच्या मनात पाप होतं! कपिलेनं नाकारलं त्यांना!"

बोधिसत्त्व कोपरावर रेलले. "मग कपिलेनं कंटकाला स्वीकारलं," ते म्हणाले. "त्याला सोडा, पुरोहित. आणि ती घंटाही त्याला देऊन टाका."

राजा एकदा घोरणाऱ्या चोराकडे आणि एकदा आपल्या अमात्याकडे पाहत राहिला.

"महाराज, पाप पोटात शोधायचं नसतं," बोधिसत्त्व म्हणाले. "एकाला दूध पचतं, दुसऱ्याला पचत नाही. त्यात पचणाऱ्याचं पुण्य नाही आणि न पचणाऱ्याचा अपराध नाही. तुम्हाला दूध आवडतं म्हणून तुम्ही किती माणसं रानात घालवलीत? लाज वाटू द्या!"

अशा शब्दांबद्दल डोके उडाले असते. पण तेवढ्यात सभेच्या मागून एक किंकाळी आली. गोमती मुकुलेला कडेवर घेऊन माणसांना ढकलत पुढे येत होती. तिची नजर बोधिसत्त्वांच्या पोटाशी घेतलेल्या पायांवर खिळली होती.

"माझी मुकुला अश्शीच करते," ती म्हणाली. "अगदी अश्शीच पाय घेते. सूनबाई, मीच गं पाजत होते तिला... माझ्या या हातांनी!"

ती शालूकेच्या पायांशी कोसळली. शालूकेने तिला उठवले आणि तिच्या कडेवरच्या मुकुलेला आपल्याकडे घेतले. राजाने वाडगा स्वतः उचलून पायरीवर आपटून फोडला. पिंगलाक्षाच्या गोठ्यातल्या गाई ज्याच्या त्याच्या घरी गेल्या. हाकललेल्या लोकांना बोलवायला माणसे धाडली. काही परत आले. जे रानात मेले होते त्यांची क्षमाही आता मागता येणार नव्हती.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, विहारात सांगितली, त्याला एक निमित्त घडले होते. उपासिका नंदवतीने मोठ्या हौसेने दाट खीर आणली होती, आणि आजारी भिक्खुणी किसलयेने ती हात जोडून नाकारली होती. नंदवती दुखावली. भिक्खू कुंभकाने "दानाचा अपमान झाला" म्हणून साऱ्या विहारात गवगवा केला.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "त्या वेळचा पिंगलाक्ष म्हणजे आजचा कुंभक. गोमती ही नंदवती होती, आणि मुकुला ही किसलया. अमात्य मीच होतो. स्वतःच्या देहावर सोसून जे उघड केले, ते सत्य. ही सत्याची पारमिता, म्हणजे परिपूर्णता, होय."

कुंभकाने मान खाली घातली. नंदवती खिरीचे पातेले बाजूला ठेवून किसलयेजवळ जाऊन बसली, आणि अख्ख्या सुरभिपुरात जे कोणी कोणाला विचारले नव्हते ते तिने विचारले.

"आर्ये, तुम्हाला काय सोसतं? उद्या तेच करून आणते."