सोळा डिग्री

"बाहेर पंचेचाळीस, आणि यांना आत सोळा हवं? उस्ताद, कुणाच्या जिवावर?"

ऋता देशकर तळघरात शिरली ती ओरडतच. नागपुरातल्या त्या सात मजली कचेरीत ती नवी इंजिनिअर होती. शमसुद्दीन उस्ताद तिथला एसी प्लांट तेवीस वर्षं सांभाळत होते. शुक्रवारी निवृत्त होणार होते. त्याआधी प्लांट तिच्या हाती द्यायचा होता.

"झालं काय, बेटा?"

"गुळवेसाहेबांनी, एवढ्या कचेरीच्या प्रमुखांनी, माझा वीजबचतीचा रिपोर्ट उघडलासुद्धा नाही. माझ्यादेखत उठले, भिंतीवरची एसीची चकती सोळावर फिरवली अन् म्हणाले, 'आहा! आता बरं वाटतंय.' अख्खी इमारत एका माणसाच्या बोटावर! चोवीसवर ठेवली तर केवढी वीज वाचेल. खेड्यांत भरदुपारी लाइट जाते, आणि हे..."

"तुला गार लागलं?"

"लागलं म्हणजे? काकडले मी!"

उस्तादांनी पॅनेलचं दार उघडलं. आतल्या मीटरवर साहेबांच्या केबिनचं तापमान दिसत होतं.

साडेचोवीस.

"बिघडलाय हा," ऋता म्हणाली.

उस्तादांनी आत हात घालून एक वायर बाहेर ओढली. तिचं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं. त्यावर काळी टेप गुंडाळली होती.

"ही साहेबांच्या चकतीची."

"...कधीपासून?"

"अकरा वर्षं. आधीचे साहेब चौदा लावायचे."

ऋता लाल झाली. "ही फसवणूक आहे! त्यांची, आणि माझीसुद्धा! चाळीस पानं लिहिली मी!"

"थर्मामीटर कुठं कुठं लावला होतास?"

"चकतीवरचा आकडा लिहून घेतला."

उस्ताद हसले नाहीत. त्यामुळे ती अधिकच भडकली.

"ते काही असो! खोट्यावर कचेरी चालवायची? मी आत्ता वर जाऊन खरं काय ते सांगणार. तुमची पेन्शन अडकली तरी सांगणार."

"सांग ना. सांगायलाच हवं."

त्यांनी टेप सोलली. पक्कडीनं तांब्याच्या तारा सरळ केल्या आणि वायर तिच्या हातात दिली. पॅनेलमधला रिकामा स्क्रू बोटानं दाखवला.

ऋता वायर धरून उभी राहिली.

"थांबलीस का?" उस्ताद म्हणाले. "जोड, बेटा. तुझा रिपोर्ट खरा होईल."