तीच ओळ

"...मग या एवढ्या लांबलचक गाण्यातलं मी घ्यायचं तरी काय, चाचा?"

प्रणोती घोरपडेने हे तिसऱ्यांदा विचारलं. दाभोळचे उस्मानचाचा नाखवा आपले ते एकच गाणं भरलेली जुनी कॅसेट रुमालाने पुसत बसले होते.

कोल्हापुरात प्रणोतीचा बेली डान्सचा क्लास होता. अकरा वर्षांचा, चांगला नावाजलेला. अरबी ठेक्यावर लावणीची अदा बसवून तिने टाळ्याही भरपूर मिळवल्या होत्या. बाई हुशार, आणि हे तिचं तिला जरा जास्तच ठाऊक होतं.

पण गेली दोन वर्षं नाचताना तिच्या आत काही हलत नव्हतं. अंग वळायचं, लोक खूश व्हायचे, मन मात्र कोरडं ते कोरडंच. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. आता मनाजोगतं गाणं मिळालं नाही तर क्लास बंद करायचा, असं ठरवूनच ती दाभोळला आली होती.

चाचांनी उमेदीची एकतीस वर्षं बहारीनला काढली होती, तिथल्या लग्नांत ढोल वाजवत. अरबी गाणं कोकणात कुणाला कळत असेल तर यांना, असं तिला सांगण्यात आलं होतं.

आल्या आल्या ती नाचून दाखवायला उभी राहिली.

"बस गो," चाचा म्हणाले.

मग तिने मोबाइलमधली दोनशे गाणी दाखवली. प्रत्येक चार मिनिटांत बसवलेलं, ठेका नसलेल्या संथ जागा उडवून टाकलेल्या. पी हळद आणि हो गोरी, असा सगळा मामला. चाचांनी शांतपणे बघितलं आणि चहा पुढे केला.

चहा झाल्यावर त्यांनी ती पुसलेली कॅसेट लावली. कैरोतली कुठलीशी मैफल होती, श्रोत्यांच्या आरोळ्यांसकट. एक बाई गात होती.

"ही ओळ नीट ऐक. परत आली की हात वर करायचा."

"बस, एवढंच?"

"एवढंच."

ओळ परत आली. प्रणोतीने हात वर केला. पुन्हा आली, पुन्हा केला. पहिलीच्या वर्गात बसवल्यासारखं वाटून तिला हसू येत होतं.

चौथ्या खेपेला तिला राहवेना.

"तेच तेच काय गातेय ही?"

"लोक मागतात."

"तेच?"

चाचांनी आवाज थोडा वाढवला.

पुढच्या खेपेला गाणारीने त्याच शब्दांना किंचित उशीर केला. त्याच्या पुढच्या वेळी एका सुरावर ती इतकी रेंगाळली, की मैफलीतला कुणी म्हातारा कळवळून ओरडला. मग ठेका थांबला आणि नुसता आवाज उरला.

प्रणोतीचा हात वर जाता जाता मध्येच थबकला. आवाज खाली येऊ लागला तसा तोही खाली येऊ लागला, मनगटातून, मग बोटांतून, अगदी सावकाश. तिचं तिकडे लक्ष नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

चाचा त्या हाताकडे बघत राहिले.

कॅसेट संपली.

"किती वेळा आली?"

प्रणोतीने आठवून पाहिलं...

"मोजायचं राहूनच गेलं, चाचा."

चाचांनी मान हलवली. समोरचा हा म्हातारा केवढा मोठा माणूस आहे, हे तिला आत्ता कुठे दिसत होतं. असा आनंद तिला कित्येक दिवसांत झाला नव्हता. ती लगबगीने उठली, ओढणी कमरेला खोचली.

"परत लावा ना. मला यावर नाचायचंय."

चाचांनी कॅसेट काढली, डबीत घातली आणि झाकण लावलं.

"गाणं तुझ्या हातात उतरलंय गो. नाच."