अरेत्सोची थाळी

“खरी आहे का, एवढंच सांगा. बाकी मला काही नको.”

शर्मिष्ठा कारखानीसने थाळी टेबलावर ठेवली, पण तिच्या कडेवरचा हात काढला नाही.

म्हाताऱ्या फादरनी आधी थाळीकडे पाहिलं, मग त्या हाताकडे.

“बसा तरी. चढ मोठा आहे.”

“बसायला नाही आले, फादर.”

“बरं...” म्हणून ते स्वतः बसले.

फादर इग्नास रुमाव मूळचे वसईचे. तरुणपणी इटलीत शिकायला आले आणि या डोंगरावरच्या मठात राहून गेले. जुनी भित्तिचित्रं आणि मातीची जुनी भांडी दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांच्याशी मराठीत बोलायला या डोंगरावर वर्षानुवर्षं कोणी येत नसे. आज आलं होतं, आणि आल्या आल्या उलटतपासणी सुरू झाली होती.

शर्मिष्ठाबाई पुण्याच्या नामांकित नेपथ्यकार. पुठ्ठ्याची समई त्या अशी करायच्या, की पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकालाही ती पितळेची वाटावी. चहाच्या पाण्यात बुडवलेला कागद उन्हात वाळवून त्याचं पेशवाईतलं फर्मान करणं हा त्यांच्या डाव्या हातचा मळ. नव्याचं जुनं करण्यात हयात गेलेली, म्हणून जुनं म्हणून समोर आलेलं काहीही त्यांना पटत नसे.

दुधाने तोंड कधीच पोळलं नव्हतं, तरी बाई ताक फुंकूनच प्यायच्या.

इटलीतही तेच. फ्लॉरेन्सच्या संग्रहालयात सगळे जण चित्रापुढे गप्प उभे असताना बाई कोपऱ्यात वाकून नंतर लावलेला रंग शोधत होत्या. खाणावळीत पास्ता आला की आधी प्रश्न, हाताने केलाय की पाकिटातला? ऑलिव्हचं तेल बोटावर घेऊन उजेडात धरायच्या.

सोबत कुंदा होती, शाळेपासूनची मैत्रीण. ती नुसती खात होती, बघत होती, हरखत होती.

अरेत्सोच्या चौकात जुन्या वस्तूंचा बाजार भरला होता. तिथे कुंदाने ही थाळी घेतली. खोलगट, दुधी रंगाची, मध्ये निळ्या रेषांनी काढलेला ससा. दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे चारशे वर्षांची. धावत आली आणि शर्मिष्ठाच्या हातात ठेवली. “तुला!”

शर्मिष्ठाने थाळी उलटी केली, बुडावरून नख फिरवलं आणि त्या दुकानदारासमोरच म्हणाली, “फसलीस. परवा भाजलीय ही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या पलंगावर थाळी होती आणि कुंदा नव्हती. तिने रोम गाठलं आणि तिथून विमानाने पुणं.

शर्मिष्ठा पुन्हा त्या दुकानदाराकडे गेली. तो म्हणाला, “शंका असेल तर डोंगरावरच्या इंडियन पाद्र्याला दाखवा.”

तेव्हा तर बाईंचा संशय दुणावला. दुकानदार स्वतःहून ज्याचं नाव सांगतो, तो माणूस त्याचाच असणार.

आणि तरीही त्या आल्या होत्या.

“उजेडात बघू?” फादरनी थाळीला हात लावला.

“मी आणते.”

शर्मिष्ठाने थाळी स्वतःच उचलून खिडकीशी नेली.

“मी बदलेन असं वाटतं?”

“सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवलेत,” ती म्हणाली.

“शहाण्या आहात.”

फादरनी थाळी तिच्या हातातच असताना पाहिली. वाकून, शांतपणे. बोटाच्या पेराने कडेवर हलकंच वाजवून कान दिला.

“काय?”

“खरी आहे म्हणालो तर?”

“तर तुम्ही त्या दुकानदाराला सामील आहात असं वाटेल मला,” शर्मिष्ठा म्हणाली. तिला आडून बोलणं जमत नसे.

“आणि खोटी म्हणालो तर?”



“तर... तुम्हाला ती इथेच ठेवून घ्यायची असेल.”

फादर हसले नाहीत की रागावलेही नाहीत.

“मग एवढा डोंगर चढून आलात कशाला?”

खिडकीबाहेर चेस्टनटच्या झाडावरून काहीतरी टपकन पडलं. शर्मिष्ठाने तिकडे पाहिलं.

“जेवायची वेळ झाली,” फादर उठले. “बाकीचे ब्रदर ऑलिव्ह उतरवायला गेलेत. आपण दोघंच आहोत.”

नको म्हणायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण पहाटेपासून पोटात काही नव्हतं.

मठाच्या जेवणघरात लांबच लांब लाकडी टेबल होतं. शर्मिष्ठाने थाळी सोबत आणून आपल्या बाजूलाच ठेवली. वरच्या भिंतीवर येशूच्या अखेरच्या भोजनाचं चित्र, भिंतभर. शिष्य ओळीने बसलेले. येशूला दगा देणारा यहुदा तेवढा एकटा टेबलाच्या अलीकडे, आपल्याकडे पाठ करून.

शर्मिष्ठाने भाकरीएवढ्या पावाचा तुकडा तोडला, चावला आणि थांबली.

“यात मीठ नाही.”

“इकडचा पाव अळणीच असतो.”

“अच्छा...” तिने तुकडा बाजूला ठेवला. “आणि सूप कसलं?”

“अळंब्यांचं.”

“बाजारातून आणलेल्या?”

“छे. रानातल्या. आज सकाळी मीच काढल्या.”

“तुम्हाला नीट ओळखू येतात? विषारी असतात म्हणे काही.”

“येतात.” फादर पातेलं ढवळत होते. “डावा डोळा जरा अधू झालाय, पण उजव्याने चालतं.”

शर्मिष्ठाने हातातला चमचा खाली ठेवला.

मग विषय बदलावा म्हणून तिने भिंतीकडे पाहिलं. पाहिलं आणि सवयीने नजर अडकलीच.

“हा कोपरा मूळचा नाही. आणि यहुदाचा खांदाही.”

“नाही. पलिस्तर पडलं होतं. मी भरलं.”

“बारीक उभ्या रेघा मारल्यात. जवळून लगेच ओळखू येतं.”

“यावं म्हणूनच मारल्यात.”

हे तिला अपेक्षित नव्हतं. तिच्या धंद्यात ओळखू आलं म्हणजे हरलो.

ती भिंतीकडून वळली. मग म्हणाली, “फादर, तुम्ही मला नाव विचारलं नाहीत. कुठून आले, कोणी पाठवलं, काहीच नाही. एवढ्या मौल्यवान वस्तू आहेत इथे. अनोळखी माणसाला सरळ आत घेऊन जेवायला बसवता, भीती नाही वाटत?”

“वाटते की.”

“मग?”

फादरनी हातातल्या पळीने भिंतीवरच्या यहुदाकडे बोट केल्यासारखं केलं.

“त्या पंगतीत यालाही वाढलं होतं. काय करणार आहे ते ठाऊक असताना.”

आणि त्यांनी पातेलं उचललं, तिच्यासमोर आले, पुढ्यातला मठाचा जाड वाडगा बाजूला सारला, बाजूची ती निळ्या सशाची थाळी ओढली आणि वाफाळतं सूप तिच्यात ओतलं.

“अहो!” शर्मिष्ठा ताडकन उठली. “चारशे वर्षांची आहे ती!”

...



“हो?” फादर म्हणाले.

तिला आपलेच शब्द ऐकू आले.

“म्हणजे... असली तर.”

“आणि परवाची असली तर?”

“तर त्या रंगात काय घातलंय कोणास ठाऊक. तरीही खाऊ नये.”

“जुनी म्हणून खायचं नाही. नवी म्हणूनही खायचं नाही.” फादर पातेलं घेऊन तिच्यासमोर तसेच उभे होते. “मग देणाऱ्याने कशासाठी दिली?”

“कोणी?”

“ज्याने दिली त्याने. स्वतः घेतली असती तर तुम्ही त्या चौकातच निकाल लावला असता. डोंगर चढून आला नसता.”

शर्मिष्ठा खाली बसली.

कशासाठी दिली?

अरेत्सोचा तो चौक तिला आठवला. उन्हात तापलेली फरसबंदी. कुंदाचे विस्कटलेले केस, नाकावर आलेला घाम. कुंदा काहीतरी बोलत होती तेव्हा. थाळी हातात ठेवतानाच बोलत होती. काय बरं?

शर्मिष्ठा तेव्हा बूड तपासत होती.

काहीतरी पोह्यांचं होतं... हो.

“घरी गेलो ना शमे, की रविवारी यात दडपे पोहे खायचे. दोघींनी. एकाच थाळीत.”

कान उघडे होते. ऐकलं होतं. पण नख बुडावरून फिरत होतं.

सुपावर वाफ वळत होती. तळाशी ससा दिसेनासा झाला होता.

फादर आपला वाडगा भरून समोर बसले. डोळे मिटून पुटपुटले, क्रूसाची खूण केली आणि जेवायला लागले. तिच्याकडे बघितलंही नाही.

शर्मिष्ठाने चमचा उचलला. तोंडाशी नेला. थांबली. मग घेतला.

अळंब्यांना पावसाळी रानाची, ओल्या पाचोळ्याची चव होती. वर हिरवंगार, घशाला किंचित झोंबणारं तेल. तेलाला उजेडात धरायचं तिच्या डोक्यात आलं नाही. सूप चांगलंच खारट होतं. तिने बाजूला ठेवलेला पावाचा तुकडा ओढून त्यात बुडवला आणि तोंडात टाकला. मग दुसरा.

अळणी पाव का, ते तिला कोणी सांगायची गरज पडली नाही.

मध्येच तिचे डोळे भरले. तिने ते पुसले नाहीत. खात राहिली. तळाचा ससा हळूहळू वर आला, आधी कान, मग पाठ, मग पळणारे पाय. पावाने तिने तोही पुसून घेतला.

“आणखी?” फादरनी विचारलं.

तिने थाळी पुढे केली. या वेळी कडेवर हात ठेवला नाही.

जेवण झाल्यावर फादर थाळी घेऊन अंगणातल्या नळावर गेले. शर्मिष्ठा मागोमाग गेली, पण पाळतीवर नव्हे.

“इथे फोन लागतो का?”

“त्या विहिरीच्या कट्ट्याशी लागतो. कधी कधी.”

कट्ट्याशी उभं राहून तिने पुण्याला फोन लावला. बराच वेळ घंटी वाजत राहिली.

“काय?” पलीकडून कुंदाचा आवाज. कोरडा.

“कुंदे... मी त्या थाळीत जेवले.”



“मग? परवाचीच निघाली ना?”

“माहीत नाही.”

“माहीत नाही? तू कोणा जाणकाराला विचारलं नाहीस?”

“विचारलं होतं, इथल्या मठातल्या फादरना. मग जेवायला बसले आणि... राहिलं.”

कुंदा हसली. त्या हसण्यात हसू नव्हतं.

“शमे, मी तुला काही आज ओळखत नाही. तुझं काहीतरी अडलंय. एकटीने फिरायचा कंटाळा आला असेल.”

“नाही गं. चुकलं माझं. सगळ्यांसमोर तुला मी...”

“हे तू मनापासून म्हणतेयस कशावरून?”

हजारो मैलांवरून कुंदाला दाखवण्यासारखं शर्मिष्ठापाशी काय होतं? उलटं करून बघावं असं बूड नाही, नख लावावं अशी कड नाही. सगळ्या बाजूंनी काढलेले फोटोही इथे उपयोगाचे नव्हते. जन्मात पहिल्यांदाच ती स्वतः बाजारात मांडली गेली होती आणि समोरचं गिऱ्हाईक तिला उजेडात धरून बघत होतं.

तिने फोनवर तळहात ठेवला आणि नळाकडे वळली.

“फादर, तिचा विश्वासच बसत नाही. पुरावा मागतेय. काय सांगू मी तिला?”

फादर थाळी पुसत होते. पुसता पुसता मान वर न करता म्हणाले,

“मागतेय ना? म्हणजे फोन ठेवलेला नाही. बोला.”